यंत्रावरचं ब्लॅकजॅक : पत्ते मोजून हाती काय लागतं?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही मित्र गोव्याला जाणार आहोत. तिथल्या हॉटेलांत पडद्यावर पत्ते वाटणारं ब्लॅकजॅकचं (पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त करायची, असा पैशांचा खेळ) यंत्र असतं. वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांची मोजणी पाठ केली आहे : दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी ते एक्का उणे एक. यंत्रावर ती चालेल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मोजणी बरोबर आहे, पण वाटलेले पत्ते पुन्हा कॅटमध्ये मिसळत नाहीत तोवरच तिला अर्थ. लहान पत्ते आधी निघून गेले की उरलेल्यांत दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त राहतात आणि खेळणाऱ्याचं पारडं जड होतं. बरीच यंत्रं मात्र दर डावाला सगळे पत्ते नव्याने पिसतात. मागच्या डावात चार पंज्या गेल्या याचं पुढच्या डावाला सोयरसुतकच नसतं.

म्हणून बसण्याआधी यंत्रावरचं नियमांचं बटण दाबा. किती कॅट आणि पिसणं केव्हा, एवढंच पाहा. लिहिलेलं नसेल आणि यंत्र एका कॅटचं असेल, तर पैसे न लावता मागे उभं राहून सलग सहा डाव बघा. डावाला पाच पत्ते धरले आणि दर वेळी पिसलं जात असेल, तर आधीच्या डावातलं एखादं पान लगेच पुढच्या डावात दिसण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. सहा डावांत ती ९३ टक्क्यांच्या आसपास जाते. इस्पिकची राणी लागोपाठ दोन डावांत आली, की मोजणी खिशात घाला.

काही यंत्रांत सहा कॅटचा डबा एका ठरलेल्या जागेपर्यंत खरोखर वाटत नेतात. तिथे अडचण वेगळी. टेबलावर वापरलेल्या पत्त्यांचा ढीग दिसतो, त्यावरून किती उरले हे कळतं. पडद्यावर ढीगच नाही. मग डाव मोजायचे. एका हाताला सरासरी २.७ पत्ते लागतात. चार खेळाडू आणि डीलर (घरातर्फे पत्ते वाटणारा) मिळून साडेतेरा, म्हणजे चार डावांत साधारण एक कॅट संपतो. आठ डाव झाले, मोजणी +८ आहे, तर उरले चार कॅट. आठ भागिले चार, खरी मोजणी (म्हणजे उरलेल्या दर कॅटमागची) +२. भागाकार न करता +८ बघूनच जास्त पैसे लावणारे सगळ्यात जास्त फसतात. आणि डबा निम्म्यावर आला की पुन्हा पिसत असतील, तर चांगली मोजणी येईपर्यंत खेळच संपतो.

प्रश्न : ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दश्शी किंवा चित्र) लागल्यावर किती पैसे मिळतात, याने एवढा काय फरक पडतो?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : मोजणीपेक्षा जास्त पडतो. १०० रुपयांवर १५० मिळाले तर तीनास दोन, १२० मिळाले तर सहास पाच. काही यंत्रं तर सरळ १०० च देतात. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो. नियम चांगले असतील आणि पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचं हे अचूक पाळलं, तर घराचा वाटा (लावलेल्या पैशांतून कॅसिनोला सरासरी उरतो तो) अर्धा टक्का असतो. सहास पाचमध्ये त्यात जवळपास १.४ टक्क्यांची भर पडते, समान रकमेत २.३ ची. खरी मोजणी एकाने वाढली की खेळणाऱ्याला सुमारे अर्धा टक्का मिळतो. म्हणजे तीनास दोनला +१ वर बरोबरी, सहास पाचला जवळपास +४, समान रकमेला +६ च्या घरात. +६ ची वाट बघत रात्र जाईल. समान रक्कम देणाऱ्या यंत्रापुढे मोजायला बसणं म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणं!

इन्शुरन्सचं बटण (डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर वेगळे पैसे लावायचं) खरी मोजणी +३ च्या खाली असताना कधीच दाबू नये. तो दोनास एक देतो, म्हणून उरलेल्या पत्त्यांत दहाचे पत्ते (दश्श्या आणि चित्रं) एक तृतीयांशाहून जास्त असले तरच परवडतो.

प्रश्न : घरी सराव कसा करावा?
— एक वाचक, सिडको

उत्तर : एका कॅटमधून एक पत्ता न बघता बाजूला ठेवा. उरलेले ५१ उलटत मोजा. शेवटी +१ आलं तर झाकलेला पत्ता दश्शी ते एक्का यांपैकी. −१ आलं तर दुर्री ते छक्की. शून्य आलं तर सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी. पत्ता उलटून पडताळा. अर्ध्या मिनिटात, न चुकता जमलं पाहिजे. पत्ते जोडीने बघितले तर राजा-पंजी एकमेकांना कापतात आणि वेग आपोआप वाढतो.

प्रश्न : जिंकलेल्या पैशावर कर किती?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : ३० टक्के आणि वर उपकर. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. वर्षभरात ६०,००० जिंकले आणि ५५,००० हरले, तर हातात ५,०००, पण कर ६०,००० वर, म्हणजे उपकर सोडून १८,००० रुपये. मोजणीतून मिळणारा टक्का-अर्धा टक्का इथेच बुडतो. नाशिकमध्ये एखाद्या पार्लरमध्ये असं यंत्र पैसे लावून खेळवत असतील, तर कराचा प्रश्नच येत नाही. तो १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कॅसिनोंसाठी केलेला महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा तर २०२३ मध्ये रद्दच झाला.