जुन्या जीपचं स्टिअरिंग थडथडतं, बॉक्स बदलू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुनी महिंद्रा जीप, वेग चाळीसच्या वर गेला आणि चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग हातात राहत नाही, मिस्त्री म्हणतो अख्खा बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी, बदला, आणि घरचे म्हणतात वडिलांच्या हातात आता जोर राहिला नाही. तुमच्या या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय. बॉक्सचं उत्तर आधीच देऊन टाकतो: बदलू नका. खाली झोपून बघितल्याशिवाय तर अजिबात नको.

आमच्याकडे महिंद्राची सीजे-३बी जीप आहे, जिला सगळे हाय बोनेट म्हणतात. १९७८ ची गाडी, आण्णांनी म्हणजे वडिलांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली. गाव कोल्हापूर-गगनबावडा रस्त्याला, कळ्याच्या पुढे. खताची पोती, दुधाचे कॅन, पावसाळ्यात पाणंदीतला गुडघाभर चिखल, आणि कुणी आजारी पडलं तर रात्री कोल्हापूर, सगळं याच गाडीवर. आण्णांनी ती २० वर्षं चालवली आणि एकदाही कुठे घासली नाही.

२००७ च्या सुमारास थडथड सुरू झाली. तुम्ही लिहिलंय तशीच. सरळ रस्त्याला ४५ च्या वेगात एक चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही पुढची चाकं आळीपाळीने नाचायला लागायची, स्टिअरिंग मनगटं पिळवटून काढायचं, आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थांबायचं नाही. आण्णा तेव्हा ६६ वर्षांचे. ते पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, "खालनं यायला लागलंय ते. माझ्या हातात न्हाई, गाडीत हाय." आणि दादा, माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "आण्णा, वय झालं आता. स्टिअरिंग नीट धरायला जमंना तुम्हांस्नी." एका दिवाळीत त्याने पाहुण्यांसमोर किल्ली काढून घेतली. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो. ते मला आजही टोचतं.

दादाने गाडी शहरातल्या एका गॅरेजला नेली. त्यांनी स्टिअरिंग धरून हलवलं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे म्हणाले आणि बॉक्स बदलला. ११,००० रुपये. थडथड जरा कमी झाली, गेली नाही. मग सहा महिन्यांत चार वेळा अलाइनमेंट झाली. जिथे सांधेच ढिले आहेत तिथे अलाइनमेंट म्हणजे वाळूवर रेघ ओढणं, गाडी मशीनवरून खाली उतरते तोवर माप बदललेलं असतं. मग स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे झटके दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर, लावला. त्याने थडथड तीन महिने दबली आणि दादा म्हणाला, बघा, झालं की नाही. शेवटी बॉक्सच्या ॲडजस्टिंग स्क्रूवर पान्हा गेला. राहिलेला प्ले काढायचा म्हणून कुणीतरी तो करकचून आवळला.

त्यानंतर करूळ घाट उतरताना गाडी मी चालवत होतो. वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि ते परत आलंच नाही. एरवी वळण संपलं की चाकं आपोआप सरळ व्हायला बघतात, तुम्ही नुसती मूठ सैल करता. इथे मूठ सैल केली तर गाडी तशीच कठड्याकडे चालली. दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. शेजारी आण्णा बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त उतरून पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि खाली बघत राहिले.

हे का होतं ते तुमच्या मिस्त्रीला विचारा, उत्तर आलं तर त्याच्याकडे गाडी ठेवा. या जीपच्या बॉक्समध्ये किडा, म्हणजे कॅम, असा घासलेला असतो की मधोमध पकड घट्ट आणि दोन्ही टोकांना मोकळी. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झिजतो तो मधलाच भाग. आता मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की जिथे झीज झालेलीच नाही तिथे, म्हणजे वळणावर, तो जाम होतो. म्हणून बॉक्स ॲडजस्ट करायचाच असेल तर ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सची हालचाल पुढे नेणारा दांडा, सोडून, स्टिअरिंग मधोमध ठेवून, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून कुठे अडत नाही ना हे बघून. ड्रॅग लिंक जोडलेली असताना नुसता स्क्रू आवळणाऱ्याला मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

घाटातून आल्यावर मी गाडी शिवाजी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली. स्वतःचा लेथ, दोन पोरं हाताखाली. त्यांनी बॉक्सकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "वर बस. इंजिन बंदच ठेव. स्टिअरिंग इकडं-तिकडं हलव, चार बोटं नुसतं." आणि स्वतः पोतं टाकून खाली गेले. दहा मिनिटांनी मला खाली बोलावलं, पोराला वर बसवलं आणि माझा हात धरून एकेका सांध्यावर ठेवला.

तुम्हीही हेच करा, यालाच मी तपासणी म्हणतो. चाकं जमिनीवर पाहिजेत, जॅकवर नाही, कारण वजन असल्याशिवाय ढिला सांधा स्वतःला दाखवत नाही. गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. वरचा माणूस स्टिअरिंग थोडंथोडं हलवतो, खालचा माणूस बॉक्सपासून चाकाकडे जातो. आधी बॉक्स जिथे चासीला बोल्ट केलाय ती जागा: बॉक्सच हलतोय का, चासीला चीर आहे का. मग पिटमन आर्म, म्हणजे बॉक्समधून बाहेर आलेला हात, मग ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, मग बेलक्रँक, म्हणजे हालचालीची दिशा वळवणारा मधला तुकडा, मग टायरॉडचे, म्हणजे तिथून चाकांना जाणाऱ्या दांड्यांचे, चारही एंड. प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवायची की अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. अलीकडचं हललं आणि पलीकडचं उशिरा हललं की चोर तिथे. डोळ्यापेक्षा बोटांना लवकर कळतं.

आमचा चोर बेलक्रँक होता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज या मूळ जीपपासून या गाड्यांची मांडणी अशी आहे की ड्रॅग लिंक पुढे-मागे हलते, आणि चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेला हा बेलक्रँक ती हालचाल डावी-उजवीकडे वळवतो. तिथून दोन टायरॉड दोन चाकांना जातात. म्हणजे दोन्ही चाकांना धरून ठेवणारी जागा ही एकच. आमचा बेलक्रँक आधी कलंडायचा आणि मग फिरायचा. माझ्या बोटांखाली तो कलंडताना मला स्पष्ट कळला. उघडल्यावर आत नीडल बेअरिंगच्या जागी लाल गंजाची पूड होती. ग्रीस निपल भाताच्या खाचरातल्या मातीने बुजलेलं, आणि ग्रीस मारणारी पोरं वर्षानुवर्षं बाहेरूनच गन दाबून पुसून टाकत होती. विलीजच्या जुन्या पुस्तकात हे ग्रीसिंग दर हजार मैलांना, म्हणजे साधारण १,६०० किलोमीटरला सांगितलंय. चिखलात चालणाऱ्या गाडीला तेही कमी पडतं. नवीन ग्रीस आत जाताना जुनं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ग्रीस गेलेलं नाही.

मग त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि एक-एक चाक वर-खाली धरून हलवलं. डावं हललं. मी म्हटलं व्हील बेअरिंग. त्यांनी पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. तरीही हललं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन, म्हणजे ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन. आमची किंग पिन होती. किंग पिनची बेअरिंगं वरच्या टोपीखालच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करून आवळायची असतात, आणि ती इतकी पाहिजेत की टायरॉड सोडल्यावर चाकाचा नकल, म्हणजे किंग पिनवर फिरणारा चाकाचा सांधा, हाताने फिरवताना जरा विरोध जाणवावा. या थोड्या विरोधावरच थडथड थांबते. तिथे मोकळेपणा असला की एका धक्क्याने चाक नाचायला लागतं. जाताजाता, चाकाच्या हबचं सील गळत असेल तर ते ग्रीस ब्रेकवर जातं आणि गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. त्यालाही लोक स्टिअरिंगचा दोष समजतात.

त्यांनी लेथवर नवीन शाफ्ट काढला, बेलक्रँकला गनमेटलचे बुश घातले, किंग पिनची बेअरिंगं बदलली, दोन टायरॉड एंड नवीन टाकले. बॉक्सचा स्क्रू मागे घेऊन नीट लावला. सगळं मिळून ३,४०० रुपये. टो-इन, म्हणजे पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली हवीत ते माप, तर त्यांनी दोरी आणि खडूने लावला.

घरी आल्यावर किल्ली आण्णांना दिली. त्यांनी लगेच घेतली नाही. आधी खाली वाकून बेलक्रँक धरून हलवून बघितला. मग बसले आणि कळ्यापर्यंत जाऊन आले. वाटेत पुलाच्या अलीकडे, जिथे ती हमखास थडथडायची, तिथे त्यांनी गाडी मुद्दाम ५० ला नेली आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला. चाक खड्ड्यात गेलं, आवाज आला, स्टिअरिंग जागेवर राहिलं. "म्या काय म्हनत हुतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर चार वर्षं, जाईपर्यंत, तीच गाडी चालवली.

दादाचं म्हणणं अजून बदललेलं नाही. तो म्हणतो थडथड डॅम्परने थांबली, आण्णांचा हात गेलाच होता. म्हणून लिहून ठेवतो: तो डॅम्पर मी २०११ मध्ये काढला. तेव्हापासून गाडी डॅम्परशिवाय चालतेय, गगनबावड्याला, भुईबावड्याला, राधानगरीला, आणि एकदाही थडथडलेली नाही. ज्या गाडीला डॅम्परशिवाय चालवता येत नाही तिच्यात दोष शिल्लक आहे. डॅम्पर दोष काढत नाही, लपवतो, आणि लपलेला दोष घाटात बाहेर येतो. पॉवर स्टिअरिंग बसवून घ्या म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. ढिल्या सांध्यांवर जास्त ताकद दिली तर ते लवकर तुटतील.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. हाय बोनेट किंवा त्याच जुन्या मांडणीची असेल तर वरचं सगळं लागू. नंतरचं मॉडेल असेल तर बेलक्रँक नसेलही, मग ड्रॅग लिंक आणि टायरॉड एंड बघा, क्रम तोच. दुसरं, टायर. मूळ गाडीला ६.००-१६ चे अरुंद टायर येतात. तुम्ही रुंद टायर आणि बाहेर काढलेले रिम घातले असतील तर सगळे सांधे ठीक असूनही गाडी थडथडू शकते. माझ्या मते असे टायर दिखाव्यापलीकडे कशाला उपयोगी नाहीत. तपासणीआधी दोन्ही बाजूंची हवा सारखी करा आणि जमलं तर पुढची चाकं मागे घालून एकदा चालवून बघा, रिम वाकडी असेल तर तिथेच कळेल. तिसरं, पाटे. यू-बोल्ट ढिले असतील, सेंटर बोल्ट तुटला असेल किंवा शॅकलचे, म्हणजे पाट्याला चासीशी जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश गेले असतील तर अख्खा ॲक्सल सरकतो. आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवून पाट्यात पानं वाढवली असतील किंवा लांब शॅकल घातले असतील तर कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, बिघडलेला असतो. विलीजचं मूळ माप ३ अंश आहे. ते नसेल तर गाडी रस्त्यावर भरकटते आणि स्टिअरिंग परत येत नाही, बॉक्स कितीही चांगला असला तरी. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून ते माप जुळवता येतं.

आणि बॉक्स खरोखर गेलेला असूही शकतो. खालचे सगळे सांधे घट्ट निघाले आणि प्ले तरी राहिला, तर मिस्त्री बरोबर आहे. पण मग त्याने तो तुम्हाला दाखवला पाहिजे. कुठलाही स्टिअरिंगचा आर्म वेल्डिंग करून घेऊ नका, कितीही ओळखीचा वेल्डर असला तरी. आणि हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

तपासणी करताना वरच्या सीटवर मिस्त्रीचा पोरगा नको. वडिलांना बसवा आणि स्वतः खाली जा. चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, हळू, एवढंच त्यांना सांगा. त्यांना कुठल्या वेगाला काय होतं, आवाज कुठल्या बाजूने येतो, डाव्या खड्ड्याने जास्त होतं की उजव्या, ते विचारा आणि खडूने तिथे खूण करा. मग त्या खुणेपासून सुरुवात करा.