मोझॅकची घिसाई : घाई नको, अॅसिड तर नकोच

प्रश्न : घरातली मोझॅकची फरशी जुनी आहे. पायाला खरखर लागते, छिद्रांत मळ बसलाय. एक कारागीर अॅसिड मारून एका दिवसात चमकवून देतो म्हणतो, दुसरा मशीनच्या घिसाईला दोन आठवडे मागतो. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दुसऱ्याचं. मोझॅकमधली चिप संगमरवराची असते. संडास धुवायचं अॅसिड ती चिपही खातं आणि सिमेंटही. फरशी एकदा उजळ दिसते, पण पृष्ठभाग खडबडीत होऊन पुढे मळ जास्त धरते.

आधी लाकडी मुठीने टाइल ठोकून बघा. काळ्या मातीवरच्या घरांत जमीन फुगते-आकसते, टाइल खालून पोकळ होते आणि मशीनखाली तुटते. अशा टाइल पुन्हा बसवा. त्यानंतर १४ दिवस मशीन नको. रंगीत थर मुळात ५-६ मि.मी.च असतो. टाइल एका पातळीत असतील तर मशीनचा ६० नंबरचा भरड दगड लावूच नका (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), थेट १२० पासून सुरुवात करा.

कडा वरखाली असतील तर मात्र भरपूर पाणी सोडून ६० नंबर फिरवावा लागेल. मग फरशी धुऊन पांढऱ्या सिमेंटमध्ये जुळता रंग मिसळा आणि ते पातळसर कालवून छिद्रांत चोळा. ही भरणी आठवडाभर ओली राहिली पाहिजे. वैशाखात वर ओलं गोणपाट हवंच. सुकली तर पुढच्या दगडाखाली भुकटी होऊन निघते. दोन आठवडे लागतात ते यासाठी. नंतर १२०, पुन्हा पातळ भरणी, तीही पक्की होऊ द्यायची, आणि शेवटी ३२०. मधला नंबर गाळला तर ६० चे ओरखडे ३२० ने जात नाहीत. ओली फरशी नेहमीच चमकते, म्हणून ती सुकवून, खिडकीच्या उजेडात तिरपी नजर टाकून ओरखडे शोधा. पैसे त्यानंतर द्या. भिंतीलगत मशीन पोचत नाही, तिथे हाताने घासून घ्या.

शेवटी ऑक्झॅलिक पावडर : चौरस मीटरला ३३ ग्रॅम, म्हणजे १० × १२ फुटांच्या खोलीला साधारण ३७० ग्रॅम. पाणी शिंपडून नमद्याने (दाबलेल्या लोकरीच्या जाड तुकड्याने) जोर लावून घासा. पावडर विषारी आहे. हातमोजे घाला, लेकरं-जनावरं लांब ठेवा. घिसाईचा गाळ नालीत सोडू नका, तो तिथे घट्ट बसतो.

प्रश्न : पॉलिशनंतर फरशीवर पांढरी भुकटी येते. मेण लावू का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आत्ता नको. खालची ओल क्षार वर आणते. मेणाने ती आत कोंडते. कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, ओलीचं मूळ शोधा, आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच मेणाचा पातळ हात द्या.