रक्तात लोह, खिळ्यात लोखंड

प्रश्न एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. "एकाच पुस्तकात कुठे 'लोह' येतं, कुठे 'लोखंड'. चाचणीत एका मुलानं 'रक्तात लोखंड असते' असं लिहिलं. गुण कापायचे का? पोलाद, स्टील, बीड ही लोखंडाचीच नावं धरायची का? आणि 'गंज' हा शब्द असताना 'क्षरण' कशाला?"

गुण कापू नयेत, पण 'लोखंड'खाली रेघ मारून वर 'लोह' जरूर लिहावं. मराठीनं या दोन शब्दांची कामं बऱ्यापैकी वाटून घेतली आहेत आणि ती वाटणी रसायनशास्त्राच्या चांगलीच पथ्यावर पडते.

लोह हे मूलद्रव्याचं नाव. अणुक्रमांक 26, मग ते कोणत्याही रूपात असो. लोखंड म्हणजे त्याचं धातुरूप: ठोकलं की वाजणारं, चुंबकाला चिकटणारं. गेरूत लोह आहे, लोखंड नाही. हिराकस या क्षारात लोह आहे, लोखंड नाही. गंजातही लोहच उरतं, लोखंड संपलेलं असतं. मुलांना एवढ्या तीन जोड्या दिल्या तरी संयुगात गेल्यावर मूलद्रव्याचे गुण बदलतात हा मुद्दा व्याख्येशिवाय कळतो. समास पाहिले तरी हेच दिसतं. लोहयुक्त, लोहखनिज, लोहाची कमतरता; उलट लोखंडी सळई, लोखंडी पत्रा, लोखंडी गज. 'लोखंडयुक्त आहार' कानाला खटकतो तो उगीच नाही. अपवाद आहेत. लोहमार्ग, लोहचुंबक आणि लोहकीस यांत धातूच आहे, पण ते तत्सम, म्हणजे संस्कृत वळणाचे समास असल्यामुळे तिथे 'लोह' बसलं.

मुलाच्या चुकीचं मूळ बहुधा एका लाडक्या उपमेत असावं: 'शरीरात एका खिळ्याएवढं लोखंड असतं.' वजनापुरतं हे बरोबर आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं आणि 3 मिलिमीटर जाडीचा अडीच इंची खिळाही साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. पण मुलाच्या डोळ्यांपुढे खिळा उभा राहतो, अणू राहत नाही. उपमा वापरायची तर लगेच पुढचं वाक्य जोडावं: यातलं सुमारे दोन-तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असतं, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. मग 'चुंबक लावला तर रक्त ओढलं जाईल का?' असा प्रश्न हमखास येतो. नाही ओढलं जाणार. लोखंडात असंख्य अणूंचं चुंबकत्व एका दिशेला वळतं म्हणून ओढ जाणवते. हिमोग्लोबिनमधले लोहाचे अणू एकमेकांपासून दूर, प्रथिनात अडकलेले असतात.

आता व्युत्पत्ती. 'लोखंड' हे सरळ 'लोहखंड'वरून आलं. 'लोह' मात्र फिरून आलेला शब्द आहे. संस्कृतात आधी तांबूस धातू म्हणजे तांबं, मग कोणताही धातू ('पंचलोह'मध्ये तोच अर्थ टिकून आहे) आणि शेवटी लोखंड असा त्याचा प्रवास. 'लोहित' म्हणजे तांबडं, आणि रक्तही. इथे एक सापळा आहे. रक्तात लोह असतं हे जुन्यांना ठाऊक होतं म्हणून त्याला 'लोहित' म्हटलं, अशी एक आकर्षक गोष्ट तयार होते. तसं काही नाही. दोन्ही नावं रंगावरून पडलेली आहेत. रक्तातलं लोह प्रयोगानं दाखवलं ते 18व्या शतकात, इटलीतल्या व्हिन्चेन्झो मेंगिनी यांनी. रक्त जाळून उरलेल्या राखेतले कण चुंबकाला चिकटतात, हे त्यांनी पाहिलं.

पोलाद, स्टील आणि बीड यांचा हिशेब कार्बनचा आहे. शुद्ध लोह मऊ असतं आणि 1538 अंश सेल्सियसला वितळतं. त्यात सुमारे 2 टक्क्यांपर्यंत कार्बन असला की ते पोलाद. साधारण 2 ते 4 टक्के असला की ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बीड शुद्ध लोहापेक्षा चांगलं तीन-चारशे अंश आधी वितळतं, साच्यात छान उतरतं, पण घण बसला की वाकत नाही, तुटतं. नेहमीच्या करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात आणि तडा त्यांच्याच वाटेनं धावतो. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला. त्याआधी मराठीत 'तिखे' होतं, संस्कृत 'तीक्ष्ण'वरून. धारेसाठी वापरायचा धातू तो तीक्ष्ण, असं हे नाव. 'स्टील'नं मात्र घोळ घातला आहे. बोलीत स्टील म्हणजे न गंजणारं, चकचकीत, भांड्यांचं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि भांड्यांच्या नेहमीच्या प्रकारात निकेलही, त्यामुळे ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. वर्गात 'चुंबकाला चिकटतं ते लोखंड' असं शिकवून पुढ्यात स्टीलचा चमचा ठेवला की धडा तिथेच फसतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत. रोजच्या बोलण्यात आपण ज्याला लोखंड म्हणतो, तो खिळा, ती सळई, तो पत्रा, हे सगळं आज जवळपास नेहमीच कमी कार्बनचं पोलाद असतं. त्यामुळे खिळ्याचं चित्र काढून खाली 'शुद्ध मूलद्रव्य' लिहिणं चूक आहे. 'लोखंड' हा व्यवहारातला शब्द आहे, त्याला तसंच राहू द्यावं.

'गंज' आणि 'क्षरण' दोन्ही हवेत, कारण ते समानार्थी नाहीत. मराठीत गंजतं ते लोखंड. तांब्या-पितळेवर कळंक चढतो, चांदी काळी पडते. या सगळ्याला मिळून एक शब्द हवा म्हणून 'क्षरण'. 'तांबे गंजते' असं वाक्य दिसलं तर तिथे लाल शाई वापरायला माझी हरकत नाही. 'जंग लागला' हे हिंदीचं वळण. 'गंज चढला', 'गंज धरला' हे आपलं.

गंजाचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग करताना शब्दांइतकीच खिळ्यांचीही निवड सांभाळावी. पहिल्या नळीत साधं पाणी. दुसरीत दहा मिनिटं उकळलेलं पाणी गरम असतानाच हळू ओतून वर तेलाचा सेंटिमीटरभर थर. तिसरीत ओलावा शोषणारं कोरडं कॅल्शियम क्लोराइड आणि घट्ट बूच. चार-पाच दिवसांत फक्त पहिल्या नळीतला खिळा गंजायला हवा. तिन्ही कोरे राहिले तर खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते किंवा त्यांच्यावर कारखान्यातलं तेल होतं. साधे खिळे घेऊन आधी पॉलिश पेपरनं घासावेत. दुसऱ्या नळीतला गंजला तर पाणी थंड होताना हलवलं गेलं आणि त्यात पुन्हा हवा मिसळली. निष्कर्ष लिहिताना 'पाण्यामुळे गंजतो' असं अर्धं वाक्य स्वीकारू नये; पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात.

आरोग्याच्या धड्यात 'रक्त कमी आहे' हा वाक्प्रचार नडतो. रक्तक्षयात रक्ताचे लिटर कमी झालेले असतातच असं नाही, हिमोग्लोबिन कमी असतं. आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. बी-12 किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडली तरी होतो. लोहाच्या गोळ्यांवर दोन आकडे दिसतात, तेही समजावून द्यावेत. 325 मिलिग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे 65 मिलिग्रॅम लोह, कारण पाण्याच्या सात रेणूंसह त्या क्षाराचं रेणुवस्तुमान 278 आणि त्यात लोहाचा वाटा 56, म्हणजे 20 टक्के. हा क्षार म्हणजेच हिराकस. प्रयोगशाळेतली हिराकस औषधाच्या शुद्धतेची नसते, ती चाखायची नाही. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर त्या जिवावर बेततात.