‘कुठं न्यावं ओ याला?’

आई दारातच थांबली होती. पुढे मामा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची जाड चळत. आणि दोघांच्या मागे, जिन्याच्या कठड्याला टेकून, पंधरा वर्षांचा मुलगा. वर यायचं की नाही हे त्याचं अजून ठरलं नव्हतं.

“मॅडम, कुठं न्यावं ओ याला?” बसायच्या आधीच आईनं विचारलं.

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला महिन्यातून एकदोनदा तरी ऐकू येतो. कुणाचं पोर अपघातातून वाचलेलं असतं, कुणी घरात काहीतरी भयंकर बघितलेलं असतं. माणसं खूप फिरून आलेली असतात आणि तरी विचारतात, कुठं न्यावं? म्हणून ही एका मुलाची हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे.

घरी सव्वा एकर ऊस. त्या आठवड्यात शेतीच्या पंपाची लाईट रात्रीची होती. वडील पाणी द्यायला निघाले आणि उजेड धरायला पोराला सोबत घेऊन गेले. मोटर चालू होईना. पोरानं मोबाईलचा उजेड धरला होता, पण चार्जिंग संपत आलेलं. वडील म्हणाले, “जा, घरनं बॅटरी घेऊन ये.” तो पळत गेला. परत आला तेव्हा वडील स्टार्टरच्या पेटीशी पडले होते आणि रबर जळल्याचा वास येत होता.

या गोष्टीला चार महिने झाले होते. मधल्या काळात दृष्ट काढून झाली, देवरुष्याकडे एक अमावास्या झाली. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. चुलत्यानं व्यक्तिमत्त्व विकासाच्या तीन दिवसांच्या शिबिरात घातलं, तिथून हा दुसऱ्या दिवशी पळून आला. पोरगं रात्री दोन-तीनपर्यंत जागं, वर्गात बाकावर झोपलेलं. धाकट्या बहिणीवर हात टाकायला लागलेलं. शेताकडे जायचं नाव नाही.

आणि मिक्सर. मिक्सर सुरू झाला की तो शर्टाची कॉलर दातात धरून घराबाहेर जायचा. आईनं मिक्सर माळ्यावर टाकला आणि पाटा-वरवंटा धुऊन काढला. तिनं हे सहज सांगितलं, मीठ संपलं म्हणून सांगावं तसं. तिच्या तळव्याला घट्टे पडले होते.

मामांची काळजी निराळी. “येड्याच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हंजे गावात काय म्हणत्यात, तुम्हाला ठाऊक हाय. त्यात दहावीचं वरीस.” अशा वेळी मी आता भाषण देत नाही. फक्त विचारलं, “मामा, याचा हात मोडला असता तर दहावी होईपर्यंत थांबला असता का?” ते हसले नाहीत, पण पिशवी उघडून कागद काढले.

त्यात पुण्याच्या एका मोठ्या मानसोपचारतज्ज्ञांचा कागद होता. मी तो दोनदा वाचला. निदान नेमकं होतं, सल्लाही योग्य होता: दर आठवड्याला सत्र घ्या. आणि हे लोक एकदाच गेले होते. पुणं म्हणजे जाऊन-येऊन बारा तास, दोन माणसांचं तिकीट, आईचा रोजगार बुडणार, दुभत्या म्हशीला शेजारणीच्या हवाली करायचं. चूक डॉक्टरांची नव्हती, यांचीही नव्हती. पण तो कागद चार महिन्यांच्या खर्चातला सगळ्यात महागडा कागद होता आणि त्याचा उपयोग शून्य.

म्हणून माझं मत रोखठोक आहे, नामांकित लोकांना ते आवडत नाही: मनावर आघात झालेल्या मुलासाठी सगळ्यात मोठा डॉक्टर शोधू नका, सलग जाता येईल असा डॉक्टर शोधा. हा उपचार ऑपरेशनसारखा एकदा करून मोकळं होण्यातला नाही. आघातावर केंद्रित असलेली जी मानसोपचार पद्धत मुलांसाठी सगळ्यात जास्त तपासली गेली आहे, तिला साधारण बारा ते सोळा सत्रं लागतात, आठवड्याला एक. एसटीचं वेळापत्रक हा त्या उपचाराचाच भाग धरा.

आमची मांडणी मग अशी झाली. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते असा चमू तिथे असणं अपेक्षित असतं आणि ठरलेल्या वारी तो ग्रामीण रुग्णालयांतही जातो. तिथे महिन्यातून एकदा जायचं: निदान, औषध, तपासणी तिकडे. दर मंगळवारी माझ्याकडे, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आईला एसटीत अर्धं तिकीट. शाळेत एक मराठीच्या बाई, ज्यांना तो घाबरत नव्हता. घरी मामा. मी समुपदेशक आहे, आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय, पण औषध लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे डॉक्टरचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशकाची पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतं. म्हणून आमच्यासारख्यांना जरा जास्तच प्रश्न विचारा: आघात झालेल्या मुलांसोबत काम केलंय का? पद्धत कोणती? आम्ही घरी काय करायचं? ‘मुलाला माझ्याकडे सोडा, बाकी मी बघतो’ असं उत्तर आलं तर उठून निघा.

झोपेच्या गोळ्यांबद्दल आई घाबरत बोलली. डॉक्टरांनी चांगल्या हेतूनंच दिल्या होत्या. पण त्या होत्या बेंझोडायझेपिन गटातल्या, आणि या गटातल्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या त्रासासाठी मुलांना देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून एकदम बंद करायच्या असं नाही, तेही धोक्याचं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या हळूहळू उतरवल्या आणि उदासीसाठी दुसरं औषध काही महिने दिलं. मामांचा प्रश्न ठरलेला होता, “आयुष्यभर घ्यायला लागतंय का?” नाही लागलं.

आता माझी चूक.

पहिल्या सत्रात मी त्याला विचारलं, “त्या रात्री काय झालं, सांगशील?” त्यानं सांगितलं. वेळेसकट, क्रमानं, न अडखळता, खिडकीकडे बघत. मला वाटलं, वा, किती मोकळं बोलतोय. संध्याकाळी मी समाधानानं घरी गेले. पुढचे तीन मंगळवार तो आला नाही. आईचा फोन आला, पोरगं गोठ्यात झोपायला लागलंय.

मग मामांच्या पिशवीतले कागद मी नीट पाहिले. पोलिसांचा जबाब, पंचनामा, विद्युत निरीक्षकांची चौकशी, शेतकरी अपघात अनुदानाच्या दोन लाखांसाठीचा अर्ज. सगळीकडे साक्षीदार एकच. वर भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा: “कसं झालं रे बाळा?” ती हकिकत त्याला पाठ झाली होती. त्यानं मलाही जबाबच दिला होता, आणि मी तो बारावा-तेरावा घेतला होता. बोलल्यानं मन हलकं होतं हे खरं, पण कधी, कुणाजवळ आणि थांबायची मुभा आहे का, यावर ते अवलंबून असतं. आघातानंतर मुलाला एका बैठकीत सगळं ओकायला लावणं उपयोगाचं नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी केलं.

चौथ्या मंगळवारी मीच त्यांच्या घरी गेले. त्याला म्हटलं, “मी घाई केली. आता तू म्हणशील तेव्हाच तो विषय, आणि तू हात वर केलास की बंद.” तो म्हणाला, “बरं.” घरच्यांनाही सांगितलं, पाहुण्यांना दारातच थांबवायचं, चहा द्यायचा, चौकशी आईकडे करायची.

त्याच दिवशी ओसरीवर तणनाशकाचे दोन कॅन दिसले. मी त्याला सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का कधी?” आईनं पदर तोंडाला लावला. विचारल्यानं पोराच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. तो म्हणाला, “वाटलेलं दोनदा. आता नाय.” कॅन त्याच संध्याकाळी मामांच्या घरी कुलपात गेले. माझ्या फोनसोबत टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, १४४१६ हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. तो फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. शेतकऱ्याच्या घरात उपचाराची सुरुवात त्या कुलपापासून करावी, असं मला आता वाटतं.

पुढचे पाच-सहा मंगळवार ‘त्या रात्री’बद्दल एक शब्द नाही. शरीराबद्दल बोललो. मिक्सरला घाबरतोस म्हणजे तू भित्रा नाहीस. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तुझं अंग गुरगुर आवाजाला फुंकर मारतंय. हे त्याला पटलं. श्वासाचे व्यायाम पटले नाहीत, “येडपटासारखं वाटतंय” म्हणाला. त्यानं स्वतःचं शोधलं: डोळे मिटून उसाच्या सऱ्या मोजायच्या, बांधापासून विहिरीकडे नाही, उलटीकडून. मिक्सर माळ्यावरून खाली आला, पण पहिला आठवडा नुसता फडताळात, वायर गुंडाळून. मग ओट्यावर. मग शेजारणीकडे सुरू आणि हा आपल्या अंगणात. मग त्यानं स्वतः बटण दाबायचं, मनात येईल तेव्हा बंद करायचं. आईला हे पोरखेळ वाटले. पण पोराच्या भीतीपायी घरातल्या वस्तू एकेक करून माळ्यावर जात राहिल्या तर भीती घराची मालक होते. आईनं हे प्रेमापोटीच केलं होतं, त्यामुळे तिला सांगताना मला जपून बोलावं लागलं.

नंतर एकदा त्यानं दोनशे पानी वही मागितली. सत्रातच बसून तो थोडं थोडं लिहायचा आणि मला वाचायला द्यायचा. तिसऱ्या खेपेला एक ओळ आली, जी कुठल्याच जबाबात नव्हती. मोबाईलचं चार्जिंग चार टक्के होतं, कारण संध्याकाळभर त्यानं गेम खेळला होता.

“मी खेळलो नसतो तर उजेड पुरला असता. आप्पांनी मला पाठवलंच नसतं.”

‘तुझी काही चूक नाही रे’ हे वाक्य अशा वेळी ओठांवर येतं. मी गिळलं. इतके महिने सगळे त्याला तेच म्हणत होते आणि त्याला ठाऊक होतं, यांना चार टक्क्यांचं माहीतच नाही. मी कागदावर मोठी भाकरी काढली. म्हटलं, जे झालं त्याला कोण किती कारण, तेवढे तुकडे पाड. त्यानं भाकरीवर आडवं लिहिलं: मी. सगळी.

“बरं. पेटीला अर्थिंग होतं का?” नव्हतं. निरीक्षकांच्या कागदातच लिहिलेलं. एक तुकडा. पेटीचं दार कधीपासून मोडलेलं? गेल्या पावसाळ्यापासून. एक तुकडा. जमीन ओली, पाय अनवाणी. लाईट मध्यरात्रीची. गळती झाली की वीज तोडणारं उपकरण बसवलेलं नाही. अंधारात पेटीला हात घालायचं कुणी ठरवलं? इथे तो बराच वेळ थांबला. आप्पांवर रेघ मारणं त्याला जड गेलं. शेवटी एक बारीक तुकडा पाडला आणि म्हणाला, “ते घाईत होते. उसाला आठ दिस पाणी नव्हतं.” उरलेल्या कोपऱ्यात ‘४%’ लिहून बसला. तो कोपरा मी पुसायला सांगितला नाही.

पुढच्या मंगळवारी, त्याच्याच इच्छेनं, आईला आत बोलावलं. त्यानं वही वाचली. आई ऐकत होती, मग एकदम म्हणाली, “बॅटरीतलं शेल मी काढलेलं. घड्याळात घातलेलं दुपारी.” म्हणून घरी बॅटरी सापडूनही त्याला सेल शोधत बसावं लागलं होतं. आईनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. एका छताखाली दोघं तीच पाच मिनिटं आपापल्या पदरात बांधून हिंडत होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि जरा उशिरानंच परत आले.

एकूण अठरा सत्रं झाली. दहावीला त्रेपन्न टक्के पडले. मामा नाराज, आईनं पेढे वाटले. दिवसा तो शेतात जातो. पेटीला अजून हात लावत नाही, आणि मी तसा आग्रहही धरलेला नाही. नवी पेटी अर्थिंगसकट मामांनी बसवून घेतली.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात झोप पुन्हा उडाली. आईचा घाबरून फोन: “सगळं वाया गेलं का ओ?” तिला म्हटलं, तिथी जवळ आली की असं होतं, बहुतेक वेळा ते ओसरतं, दोनेक सत्रं परत घेऊ. तिनं फोन त्याच्याकडे दिला.

“मंगळवारी येऊ का मॅडम?” तो म्हणाला. “आईला नका बोलवू. नऊच्या एसटीनं मी एकटाच येतो.”