पोरगी मॉडेलिंग करायचं म्हणते, काय करू?

करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारा बहुतेक वेळा बाप असतो, आणि त्याच्या खिशात कुठल्या तरी ऑफिसचं कोटेशन असतं. केतकीच्या वडिलांच्याही खिशात होतं. (नाव अर्थातच बदललं आहे.) कराडजवळच्या एका संस्थेत ते हिशेबनीस. मुलगी पुण्यात टी.वाय. बी.कॉम.ला. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये रॅम्पवर चालली, कुणीतरी कार्ड हातात ठेवलं आणि त्या कार्डावरच्या ऑफिसनं पोर्टफोलिओ (म्हणजे दाखवायच्या फोटोंचा संच), ग्रूमिंग (म्हणजे चालण्या-बोलण्याचे, राहणीचे धडे) आणि ‘सहा महिन्यांत कामाची हमी’ असं सगळं मिळून १ लाख ८० हजार सांगितले. निम्मे आठ दिवसांत भरायचे.

वडिलांना पैशाची काळजी होती, ती त्यांनी लगेच सांगितली. दुसरी सांगायला अर्धा तास लागला. “मॅडम, आमच्या तरुणपणी ती बुटांची जाहिरात आली होती. सापाची.” १९९५ची ती जाहिरात, मधु सप्रे आणि मिलिंद सोमण. अंगावर अजगर आणि पायात बूट, एवढंच. त्यावरचा खटला दशकाहून जास्त चालला आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी फरक पडला नसता म्हणा. मी एवढंच म्हटलं, की त्याच मधु सप्रे नागपूरच्या, आधी खेळाडू होत्या, १९९२ साली मिस इंडिया झाल्या आणि मिस युनिव्हर्समध्ये तिसऱ्या आल्या. आपल्या माणसांना हा रस्ता नवा नाही. ते “हं” म्हणाले. हे ‘हं’ मी ओळखते; त्याचा अर्थ ‘पुढं बोला’ एवढाच.

पैशाचा प्रश्न सोपा होता, म्हणून तो आधी घेतला. मॉडेलला काम मिळवून देणारी खरी एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन कापते. जी काम मिळण्याआधीच पैसे मागते, तिचा धंदा मॉडेलला काम देण्याचा नसून फोटो आणि क्लास विकण्याचा असतो. क्लासला जायला हरकत नाही, पण मग त्याला क्लास म्हणा आणि क्लासएवढीच फी द्या. या क्षेत्रात कामाची हमी कुणीच देऊ शकत नाही. पसंती शेवटी डिझायनर, कोरिओग्राफर नाहीतर जाहिरात देणारा करतो, ते ऑफिस नव्हे. सुरुवातीला एजन्सीला पाठवायचे असतात ते साधे फोटो: खिडकीच्या उजेडात, मेकअप न करता, केस मागे बांधून, अंगासरशी टी-शर्ट आणि जीन्स घालून, समोरून, बाजूनं आणि डोक्यापासून पायापर्यंत. सोबत उंची आणि मापं. बहिणीच्या मोबाइलवर काढले तरी चालतात. पोर्टफोलिओ नंतर होतो, आणि नवशिक्या छायाचित्रकारांबरोबर एकमेकांच्या गरजेपोटी फुकटातही होतो.

वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांना वाटलं, विषय संपला. मी म्हटलं, आता केतकीशी एकटीशी बोलते.

तिची उंची ५ फूट ४ इंच. मोठ्या फॅशन वीकच्या रॅम्पवर मुलींची उंची साधारण ५ फूट ७-८ इंचांच्या पुढे मागतात, कारण कपड्यांचे नमुने त्याच मापानं शिवलेले असतात. हे तिला ठाऊक होतं. कार्डवाल्या ऑफिसला तर नक्कीच ठाऊक असणार, पण त्यांनी उंची मोजलीच नव्हती. उंची हातात नाही, मग जे हातात आहे ते तिनं धरलं होतं: वजन. रात्रीचं जेवण बंद, दुपारी एक पोळी, आणि तीन महिने पाळी आली नव्हती. हे तिनं खाली बघत सांगितलं, जणू एखादी किरकोळ तक्रार असावी.

इथे करिअरचं बोलणं मी थांबवलं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग आहारतज्ज्ञ, आणि तोवर कुठलंही ऑडिशन नाही. आईला सांगू का, असं विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग “तुम्हीच सांगा” म्हणाली. पालकांना एक विनंती इथेच करते. मुलगी या क्षेत्राची स्वप्नं बघत असेल तर ‘कुणाबरोबर फिरते’ यापेक्षा ‘काय जेवते’ याकडे आधी लक्ष द्या. नकार इथे रोजचे असतात, आणि ते मार्कांवर नव्हे, थेट अंगावर येतात. विशीतल्या पोरीला त्यातला ‘या कामासाठी नको’ ऐकू येत नाही, ‘तू नको’ ऐकू येतं.

पुढच्या खेपेला आई सोबत आल्या. तब्येतीचं बोलून झाल्यावर मी केतकीला विचारलं, तुला नक्की काय आवडतं? चालणं, की लोकांनी बघणं? तिचं उत्तर जरा वेगळं होतं. कॉलेजच्या त्या शोला निवेदन करणारा मुलगा आयत्या वेळी आला नाही, म्हणून स्वतःचा राउंड झाल्यावर माइक तिनंच घेतला होता. चालण्यापेक्षा त्या माइकबद्दल ती जास्त बोलली.

मग मी म्हटलं, “आईंनी नेसलीये ती इरकल नेसून एक मुलगी रॅम्पवर येतेय असं समज. बोल.”

पहिल्या फटक्यात आलं ते असं: “परंपरेला आधुनिकतेचा साज चढवणारी ही नेत्रदीपक, मनमोहक साडी...” मी थांबवलं. हे कुठल्याही साडीला चालतं, पडद्यालाही चालेल. लोकांना साडी दिसतेच आहे. जे दिसत नाही ते सांग. ती अडली. तेव्हा आई, ज्या तोवर पर्स मांडीवर घेऊन अवघडून बसल्या होत्या, त्यांनी पदर पुढे ओढला. “हे बघ, अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्ही धागे फासात अडकवून इथं जोडतात. म्हणून टोपपदर म्हणायचं. आणि पदर लालच, त्यावर ही पांढरी नक्षी.” माहेर सीमाभागातलं, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचे विणकर त्यांनी लहानपणी पाहिलेले. केतकीनं दुसऱ्यांदा सुरुवात केली ती त्या सांध्यापासून, एकही विशेषण न वापरता. आईच पहिल्यांदा हसल्या.

या कामाचं गणित सांगण्यासारखं आहे. मॉडेल आत येऊन, टोकाला थांबून परत जाईपर्यंत साधारण अर्धं मिनिट मिळतं. मराठीत तेवढ्या वेळात पन्नास-साठ शब्द नीट बसतात. मॉडेल टोकाला थांबली की निवेदकानं गप्प बसायचं, कारण तेव्हा लोक बघत असतात. डिझायनरचं आणि विणकराचं नाव चुकायचं नाही. आणि एखादीची चप्पल अडकून ती उशिरा आली, तर त्या रिकाम्या वेळात बोलायला तीन-चार वाक्यं जवळ हवीत.

मोठ्या फॅशन वीकमध्ये हल्ली कुणी बोलत नाही, संगीत आणि दिवेच असतात. पण हातमागाची प्रदर्शनं, सराफांचे शो, साडी महोत्सव, कॉलेजं, महिला मंडळांचे मंगळागौरीचे कार्यक्रम, ऑनलाइन थेट विक्री इथे निवेदक लागतोच. आपल्याकडे सूत्रसंचालनाला मान आहे आणि मानधनही आहे, फक्त ते मागायची लाज वाटते. शिवाय पन्नाशीचा निवेदक चालतो. पन्नाशीची मॉडेल अजून अपवादानंच दिसते.

मी तिला मॉडेलिंग सोड म्हटलं नाही. साडी-ड्रेसचे कॅटलॉग, दागिन्यांच्या जाहिराती, ऑनलाइन दुकानांचे फोटो यांत उंची आड येत नाही. दिवसभर कपडे बदलून बदलून जीव जातो, ग्लॅमर शून्य. पण ते रोजगाराचं काम आहे. फक्त सही करण्याआधी करारात बघायचं, की फोटो कुठे वापरणार, किती महिने वापरणार, आणि दुसऱ्याकडे काम करायला बंदी आहे का. केतकीची सही कायद्यानं चालते. पण सोळा-सतराच्या मुलींचे आईबाप हे वाचत असतील तर सगळे कागद तुमच्या हातात हवेत.

सुट्टीत तिनं एका इव्हेंट कंपनीत रनर म्हणून, म्हणजे पडेल ती धावपळ करणारी म्हणून, काम केलं. परत आली ती वेगळ्याच भाषेत बोलत. भिंतीवर चिकटवलेली रनिंग ऑर्डर, म्हणजे कोण कधी जाणार त्याचा क्रम, प्रत्येकीच्या नावाचा रॅक आणि त्यावर तिच्या कपड्यांचा फोटो, एका बाजूला हुक लावणाऱ्या ड्रेसर, कानात इअरपीस लावून ‘स्टँडबाय, गो’ म्हणणारा शो कॉलर. “मॅडम, शूज सगळ्यांना मोठेच होतात. आत टिश्यू कोंबतो आम्ही.” हा ‘आम्ही’ मी मनात नोंदवून ठेवला. पोलिसांची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, वाजवायच्या गाण्यांचे परवाने, उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे सगळं ती वडिलांना समजावून सांगत होती. आणि वडील, आयुष्यभर व्हाउचर तपासलेला माणूस, पहिल्यांदाच कामाचे प्रश्न विचारू लागले. ॲडव्हान्स किती घेतात? पैसे कधी येतात?

पैसे उशिरा येतात. दोन-दोन, तीन-तीन महिने. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात फोन वाजत नाही. २०२०च्या मार्चमध्ये तर सगळंच ठप्प झालं होतं. त्या ऑक्टोबरचा लॅक्मे फॅशन वीक ऑनलाइन झाला, प्रेक्षकांशिवाय. म्हणून माझ्या दोनच अटी होत्या: पदवी पूर्ण करायची, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत वसतिगृह सोडून फ्लॅट घ्यायचा नाही.

राहिली वडिलांची दुसरी भीती. ती खोटी नाही, आणि ‘काळ बदललाय’ म्हणून ती जातही नाही. तिच्यासाठी कामाचे नियम लागतात. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत नाही. पहिल्या भेटीला मैत्रीण सोबत. रात्री उशिरा संपणाऱ्या कामाचं जाणं-येणं आयोजकाच्या गाडीनं, आणि हे आधी मेसेजवर लिहून घ्यायचं. २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा एका दिवसाच्या कामावरही लागू होतो. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. केतकीनं हे नियम लिहून घेतले. एक काम त्यामुळे गेलंही. आयोजक म्हणाला, एवढी कटकट असेल तर दुसरी बघतो. त्या दिवशी ती रडली. मला मात्र ते काम गेल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आता ती पदवीधर आहे. त्याच कंपनीत बॅकस्टेज सांभाळते, महिन्यातून काही निवेदनं करते, अधूनमधून कॅटलॉगचं काम घेते. पाळी नियमित आहे, ते मी प्रत्येक खेपेला विचारते. वडील तिची बिलं काढतात, थकबाकीचे फोन स्वतः करतात आणि बिलातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतोय का ते बघतात. घरात स्थळांचा विषय निघालाय. बायोडेटात ‘व्यवसाय’ म्हणून वडिलांना ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ लिहायचंय, आईला ‘निवेदिका’. केतकी म्हणते, बायोडेटाच करू नका अजून. यावर तिघं मिळून पुढच्या महिन्यात येणार आहेत.