"लॉकडाऊनमुळे याचा पायाच कच्चा राहिला हो मॅडम"

हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्या आईनं "लॉकडाऊन" म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. मुलं दुसरीत होती तेव्हा ऐकलं, चौथीत गेली तेव्हा ऐकलं, पाचवी-सहावीत गेली तरी तेच. आणि मधूनच कुठल्या तरी व्हायरसची नवी बातमी येते, 2025 च्या जानेवारीत एचएमपीव्हीची आली होती बघा, की लगेच दुसरा प्रश्न, "परत शाळा बंद झाल्या तर काय करायचं?" दोन्हीचं उत्तर एका केसमधूनच देते. नावं आणि काही तपशील बदललेत.

वेदांत. पाचवीत, सेमी इंग्लिश, राहायला विक्रोळीला. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरी ब्लाऊज शिवते. आई आली तीच सगळी तयारी करून, चाचणीचे पेपर, वह्या, क्लासच्या सरांचा शेरा, सगळं एका पिशवीत. तक्रार अशी की वर्गात काही लिहीतच नाही, पेपर अर्धा कोरा सोडून येतो, आणि घरी विचारलं तर सगळं येतं. त्यात 2023-24 पासून पाचवी-आठवीला परत वार्षिक परीक्षा सुरू झालीय, नापास झाला तर पुन्हा एक संधी आणि त्यातही राहिला तर वर्ष गेलं, म्हणून घरात टेन्शन.

"यांची बॅचच लॉकडाऊनची ना," आई म्हणाली. त्याच्यासमोर. तो सँडलचा पट्टा उघड-बंद करत बसला होता, चर्र चर्र, मान खाली.

मी म्हटलं, "ताई, शाळा बंद होती हे माहितीये. पण चालली कशी ते सांगा."

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते कारण "शाळा बंद" या दोन शब्दांत प्रत्येक घराची वेगळी गोष्ट असते. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि 15 जूनला नवीन वर्ष सुरू झालं ते ऑनलाइनच, म्हणजे वेदांतची पहिली फोनवरच सुरू झाली. कुणाकडे झूम, कुणाकडे बालभारतीच्या पीडीएफ, कुणी टीव्हीवर सह्याद्रीला 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लावायचं. त्यात कित्येक शिक्षकांना कोविडची ड्युटी, सर्व्हे, रेशनवाटप, म्हणजे बाईच शाळेत नाहीत आणि घरीही नाहीत. खरं सांगायचं तर एवढ्या लांब बंदची तयारी कुणाचीच नव्हती, 2009 ला स्वाइन फ्लूच्या वेळी मुंबईत शाळा आठवडाभर बंद होत्या तेवढाच काय तो अनुभव, आणि ती तर पोरांनी सुट्टी म्हणून काढली. त्यामुळे शाळांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांमधली मी नाही.

यांच्या शाळेचं सगळं व्हॉट्सअॅपवर. सकाळी बाई ग्रुपवर ऑडिओ आणि अभ्यास टाकायच्या, रात्रीपर्यंत वहीच्या पानाचा फोटो परत टाकायचा. आता घरात स्मार्टफोन एकच आणि तो बाबांकडे, लोकल बंद होत्या तरी बेस्ट चालू होती, अत्यावश्यक सेवेवाल्यांना न्यायला. म्हणजे बाबा रात्री येणार, अंघोळ होणार, फोन सॅनिटायझरनं पुसला जाणार, मग वेदांतची शाळा भरणार. सहा वर्षांचं पोर, डोळ्यांवर झोप.

मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले थेट 15 डिसेंबर 2021 ला. जरा बसतोय तोवर ओमायक्रॉन आला, जानेवारी लागताच परत बंद, मग 24 जानेवारीला परत चालू, पालकांचं संमतीपत्र घेऊन. हा मुलगा बाकावर पहिल्यांदा नीट बसला तोपर्यंत दुसरी संपत आली होती.

इथपर्यंत सगळं नेहमीचंच. पुढच्या भेटीत मी पेपर बाजूला ठेवले आणि वह्याच बघत बसले, मला मार्कांपेक्षा वह्या जास्त सांगतात. गणिताच्या वहीत प्रत्येक पानावर करडे डाग, खोडून खोडून कागद पातळ झालेला, आणि एका पानाला तर चक्क भोक. उत्तरं मात्र बरोबर.

"हे काय झालं रे?"

"खोडलं."

"बरं. आता पाच शब्द सांगते ते लिही, पण खोडरबर माझ्याकडे."

पेन्सिल कागदावर टेकवली आणि थांबला. बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे का ते आधी सांगा ना, मग लिहितो."

"आणि चुकलं तर काय होईल?"

आईकडे बघितलं, परत माझ्याकडे. "चुकलेलं बाईंना पाठवायचं नसतं."

आई एकदम गप्प झाली. मीही काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवायचं असतं आणि तेच सगळ्यात कठीण असतं. मग ती स्वतःच सांगायला लागली. फोटो ग्रुपवर जायचा म्हणजे बाकीच्या आयांना दिसायचा. त्यांची पानं कशी स्वच्छ, अक्षर कसं छान. मग ती वेदांतचं चुकलेलं खोडायची, परत लिहून घ्यायची, अगदीच पेंगायला लागला तर हात धरून गिरवून घ्यायची, आणि मगच फोटो.

"बाईंचा रोज स्टार यायचा हो मॅडम."

म्हणजे बघा, जवळजवळ दोन वर्षं त्या बाईंनी या मुलाची एकही चूक बघितली नाही! त्यांना वाटत होतं याला सगळं येतंय. आणि मुलाच्या डोक्यात काय बसलं, तर शाळा म्हणजे चूक घरीच पुसून जायची जागा. मग खरी शाळा उघडली, आई शेजारी नाही, तर याच्याकडे उपाय एकच, लिहायचंच नाही. कोऱ्या पानावर चूक नसते.

मला स्वतःला त्या दिवशी फार बरं वाटलं, कारण मी नेहमी म्हणते की घटनेपेक्षा आपण तिचा जो अर्थ लावतो तो जास्त छळतो, आणि हे मोठ्यांना पटवायला किती भेटी जातात, इथे एका पोरानं ते चार शब्दांत सांगून टाकलं. घरच्यांनी अर्थ लावला "पाया कच्चा". त्यानं लावला "चुकलं तर दाखवायचं नाही". शाळा दोघांसाठी सारखीच बंद होती. आणि रोज "लॉकडाऊनची बॅच" ऐकणाऱ्या मुलाला तर आयतं कारण मिळतं, आपलं व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय, आता काय करणार.

आईला मी दोष दिला नाही आणि तिनंही स्वतःला द्यायचा नाही असं सांगितलं, एका खोलीत, एका फोनवर तिनं जे केलं ते मुलाला शाळेत टिकवायलाच केलं. पण आता बदल करायचा. खोडरबर दप्तरातून बाहेर. चुकलं की त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी परत लिहायचं, चूक दिसत राहिली पाहिजे. तो अभ्यास करत असताना आईनं मशीनवर बसायचं, त्याच्या शेजारी नाही, आणि "झालं" म्हणेपर्यंत वही बघायची नाही. तिला हे फार जड गेलं, खरं तर वेदांतपेक्षा जास्त.

बाबांना काम दिलं की जेवताना स्वतःची एक चूक सांगायची. त्यांनी सांगितलं की नवीन होते तेव्हा सुट्ट्याच्या गडबडीत कॅश शॉर्ट यायची आणि खिशातून भरायला लागायची. वेदांतनं विचारलं, "मग तुला काढलं नाही?" "नाही रे, दुसऱ्या दिवशी परत तीच बस." हे मला त्यानंच येऊन सांगितलं, दोनदा.

आणि वर्गशिक्षिकांना भेटायला पाठवलं. त्या बाई समजूतदार निघाल्या, "वही न तपासता पाठवा" म्हणाल्या. तेव्हा कुठे खरी गळती सापडली, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार, म्हणजे तिसरीचं गणित. म्हणून माझं म्हणणं असं अजिबात नाही की नुकसान झालंच नाही. झालंय. पण चुका दिसल्याशिवाय ते कुठे झालंय हे कळणार कसं? नुसते क्लास लावून पाचवीचंच परत परत घोकून घेण्यात काही अर्थ नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं साइटवर फुकट आहेत, खालच्या इयत्तेचं पुस्तक उघडा, जिथे अडतो तिथून सुरू करा, आणि "अरे हे तिसरीचं आहे" असं त्याला ऐकवू नका.

जानेवारीत एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या तेव्हा आईचा घाबरून फोन आला, परत शाळा बंद का? मी म्हटलं, झालीच समजा, तर काय कराल? थोडं थांबून म्हणाली, "चुकलेलंच पाठवीन." हेच मी सगळ्यांना सांगते. चुकांसकट फोटो पाठवा, आणि ग्रुपवर लाज वाटत असेल तर बाईंना वेगळा पाठवा. कॅमेऱ्याच्या बाहेर बसून उत्तरं पुरवू नका. बाईंना विनंती करा की आठवड्यातून एकदा मुलाशी पाच मिनिटं फोनवर बोला, तुमच्याशी नाही, त्याच्याशी. नियम परवानगी देत असतील तर बिल्डिंगमधली दोन-तीन मुलं एकत्र बसवा, एकमेकांचं चुकलेलं बघायची सवय तिथेच लागते. फोन एकच असेल तर शाळेला पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका, आणि वेळ बदलून मागा.

वेदांत वार्षिक परीक्षेत पास झाला. गणितात काठावर, मराठीत बरे मार्क, इंग्रजी अजून डळमळीतच आहे आणि त्यावर काम चालू आहे. पेपर मात्र पूर्ण लिहिला होता, तीन ठिकाणी आडव्या रेघा मारून.