नफ्स, आपण आणि नाखवा

एका वाचकाने विचारले आहे: ‘मन अरफ नफ्सहू फकद अरफ रब्बहू’ या अरबी वचनाचा मराठी अर्थ ‘ज्याने आत्मा ओळखला त्याने परमात्मा ओळखला’ असा देतात, तो बरोबर का? आणि खुदा हा शब्द ‘जो खुद आला तो खुदा’ असा बनला, हे खरे का?

पहिल्याला ठाम नकार, दुसऱ्याला अर्धा.

हे ‘आत्मा-परमात्मा’ भाषांतर मी इतक्या व्याख्यानांत ऐकले आहे की वक्त्याने ‘मन अरफ’ म्हटले की पुढचे यमक मला आधीच ऐकू येते. तोटा नेमका त्या यमकाचाच. मूळ वचनात ‘नफ्स’ आणि ‘रब’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. मराठीत येताना एकाचा ‘आत्मा’ होतो, दुसऱ्याचा ‘परमात्मा’, आणि कोणी काही सिद्ध न करता अख्खा अद्वैत वेदान्त मागच्या दाराने आत येतो. वेदान्ताशी माझे भांडण नाही. त्याने पुढच्या दाराने यावे, इतकेच.

(वचन हदीस म्हणून फिरते. पण तेराव्या शतकातले हदीसशास्त्राचे मोठे जाणकार इमाम नववी यांनी ते पैगंबरांचे म्हणून सिद्ध नाही असे सांगून ठेवले आहे. ते नवव्या शतकातले सूफी यह्या बिन मुआझ राझी यांच्या नावावर सांगितले जाते. सुविचार पाठवणाऱ्यांनी निदान तेवढे तरी बघावे.)

‘नफ्स’चे जीव, मन, वासना वगैरे अर्थ कुठल्याही उर्दू कोशात मिळतील, त्यांत वेळ घालवत नाही. कोश चाळणाऱ्याच्या नजरेतून निसटते ती गोष्ट साधी आहे. अरबीत नफ्स हा रोजच्या बोलण्यातला ‘स्वतः’ आहे. ‘बिनफ्सिही’ म्हणजे जातीने, खुद्द. (या ‘जातीने’तली जात म्हणजे अरबी ‘झात’, जातमुचलक्यातली; तिचा जातपातीशी संबंध नाही.) कुरआनात हा शब्द अल्लाहसाठीही येतो. सहाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, ‘त्याने स्वतःवर दया बंधनकारक करून घेतली’ अशी आयत आहे, तिथे ‘स्वतःवर’साठी नफ्सच आहे. पाचव्या सूरेत ईसा, म्हणजे येशू, म्हणतात, ‘माझ्या नफ्समध्ये काय आहे ते तू जाणतोस, तुझ्या नफ्समध्ये काय आहे ते मी जाणत नाही.’ आता सूफीमताची ओळख करून देणारे आपले लेखक ‘नफ्स म्हणजे वासना’ असे ठोकून देतात, त्यांनी हा अर्थ या दोन आयतींत घालून पाहावा आणि मग पुढची आवृत्ती काढावी.

‘आत्मा’ घातला तर वेगळाच घोटाळा होतो. ‘कुल्लु नफ्सिन जाइकतुल मौत’ ही आयत (3:185, म्हणजे तिसरी सूरा, 185वी आयत) सगळ्यांना ठाऊक असते: प्रत्येक नफ्स मरणाची चव चाखणार आहे. ‘प्रत्येक आत्मा मरणाची चव चाखणार’ असे लिहून बघा. ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ कानांवर पडत वाढलेला मराठी वाचक तिथेच अडखळतो, आणि त्याचे चुकत नाही.

आत्म्याशी तुलना करायचीच तर ‘रूह’ जवळची. आदमच्या मातीत फुंकलेली ती रूह. पण तिच्याविषयी विचारणाऱ्यांना कुरआनाने उत्तर दिले ते एवढेच, की रूह ही माझ्या रबच्या हुकमातली बाब आहे आणि तुम्हाला ज्ञान दिले आहे ते थोडेच (17:85). तिथे मीही थांबतो.

आता मला आवडणाऱ्या भागाकडे. नफ्सच्या शेजारीच ‘नफस’ आहे, म्हणजे श्वास. धातू एकच. कुरआनात पहाटेची शपथ घेताना ‘जेव्हा ती श्वास घेते’ असे म्हटले आहे (81:18), तिथले क्रियापदही याच धातूचे. हिब्रू ‘नेफेश’ आणि बाबिलोनकडची अक्कादी ‘नपिश्तु’ ही या शब्दाची सख्खी भावंडे, आणि या दोन्ही भाषांत त्याचा अर्थ जीव तसाच गळाही होतो. इस्लामी धर्मशास्त्रात ज्या कीटकांना वाहते रक्त नसते त्यांना ‘ज्यांना वाहता नफ्स नाही असे’ म्हणतात. तिथे नफ्स म्हणजे चक्क रक्त. श्वास, गळा, रक्त. आता पन्नासाव्या सूरेतली सोळावी आयत पाहा. सगळे जण तिचा उत्तरार्धच सांगतात: ‘आम्ही त्याला त्याच्या गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहोत.’ पूर्वार्ध असा, की माणसाचा नफ्स त्याच्या कानात काय कुजबुजतो ते आम्ही जाणतो. एकाच आयतीत नफ्स आणि गळ्याची शीर! माझा लाडका तर्क असा की ही जोडी योगायोगाची नाही, नफ्सचे जुने शारीर घर तिथे ऐकू येते. एका अरबीच्या प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘कुरआनाच्या अरबीत नफ्सचा गळा असा अर्थ एकदा तरी दाखवा.’ दाखवता आला नाही. तर्क मात्र मी सोडलेला नाही.

आणि ‘आत्मन्’ तरी कुठून आला? बहुतेक अभ्यासक त्याचेही मूळ श्वासाकडेच नेतात. जर्मनमध्ये श्वासाला आजही ‘आटेम’ म्हणतात. म्हणजे व्युत्पत्तीत नफ्स आणि आत्मा शेजारी निघाले. मग मी भांडतो कशाला? कारण शब्दाचे माहेर आणि सासर वेगळे असते. आत्मा तत्त्वज्ञानाच्या घरी गेला आणि अमर झाला. नफ्स बोलीत राहिला आणि मर्त्य राहिला.

गंमत पुढे आहे. संस्कृतातला आत्मन्ही मुळात ‘स्वतः’चे काम करतो: ‘उद्धरेदात्मनात्मानम्’ म्हणजे आपणच आपला उद्धार करावा. हाच आत्मन् प्राकृतात ‘अप्प’, ‘अप्पण’ झाला आणि मराठीत ‘आपण’. आपला, आपुलकी, आपसूक, सगळी त्याचीच लेकरे. म्हणजे नफ्ससाठी योग्य मराठी शब्द आत्म्याच्याच घरचा, फक्त शालजोडी उतरवून घरच्या कपड्यांत बसलेला. कुरआनातल्या नफ्सच्या तीन अवस्था घ्या: वाईटाला भरीस घालणारा (12:53), स्वतःला दोष देणारा (75:2), निवांत झालेला (89:27). ‘आत्मा वाईटाला भरीस घालतो’ हे वाक्य मराठीत उभेच राहत नाही. ‘आपणच आपल्याला भरीस घालतो, मग आपणच आपल्याला बोल लावतो’ हे कोणालाही कळते, कारण ते रोज रात्री पडल्या पडल्या घडते.

‘रब’ म्हणजे मालक, पोसणारा, धनी. अरबीत घरधन्याला ‘रब्बुल बैत’ म्हणतात. तेव्हा वचन असे होईल: ‘ज्याने आपण कोण ते ओळखले, त्याने आपला धनी ओळखला.’ परंपरेतला एक सरळ अर्थही हाच सांगतो: स्वतःचे दुबळेपण कळले की त्याचे सामर्थ्य कळते, आपली गरज कळली की त्याचे ‘गनी’ असणे, म्हणजे कशाचीच गरज नसणे, कळते. (‘गनी’ आणि ‘धनी’ यांचे नाते कृपया लावू नका. लावून दाखवणारे भेटले आहेत.) सूफी विचारवंत इब्न अरबींच्या (मृत्यू 1240) परंपरेने यातून अस्तित्वाची एकता, म्हणजे खरे अस्तित्व एकच, असे वाचले आणि हिंदुस्थानातले सूफी शेख अहमद सरहिंदींनी (मृत्यू 1624) ती वाट अडवली, हा इतिहास आहेच. पण ते वाचन त्यांचे. भाषांतरकाराने निकाल आधीच लावून टाकू नये.

आता खुदा. ‘खुद’ आणि येणे या अर्थाचे ‘आमदन’, मिळून ‘खुदा’, म्हणजे स्वयंभू, ही फोड जुन्या फारसी पंडितांनाही मोहवून गेली. पण शब्द त्याहून जुना आहे. इस्लामपूर्व इराणच्या पहलवीत ‘ख्वदाय’ म्हणजे धनी, राजा. सासानी राजांच्या बखरीलाच ‘ख्वदाय-नामग’ म्हणत. पूर्वार्धातला ‘ख्व’ म्हणजे आपला ‘स्व’ (स्वप्नाचा ‘ख्वाब’ होतो, तसाच). उत्तरार्धाबद्दल मतभेद आहेत. मला पटते ते मत ‘तवस्’ म्हणजे बळ असे सांगणारे. ऋग्वेदात मरुतांना ‘स्वतवस्’ म्हटले आहे, स्वबळावर बलवान. म्हणजे खुदामध्ये ‘खुद’ आहे. ‘आला’ मात्र कोणी नाही. अरबी रबसाठी इराण्यांनी हा हाताशी असलेला धनी वापरला.

तो धनी आपल्याकडेही आला आहे, फक्त ओळखू येत नाही. ‘खुदावंद’ आक्रसून ‘खाविंद’ झाला, जुन्या पत्रांत मालक आणि घरात नवरा. नाव आणि खुदा मिळून ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी; त्याचाच किनाऱ्यावर ‘नाखवा’ झाला. ‘ना-खुदा म्हणजे खुदा न मानणारा’ असा अर्थ सांगणाऱ्या शायरीप्रेमींना नाखव्याच्या होडीत बसवून भर समुद्रात तो अर्थ पुन्हा सांगायला लावावा.

‘अरफ’विषयी कोणी विचारले नाही, तरी सांगतो. अरफ म्हणजे ओळखणे. पुस्तकी माहितीला अरबीत ‘इल्म’, आणि ओळखीतून आलेल्या जाणण्याला ‘मारिफत’. साधकाने आयुष्यभर चालून जिथे पोचायचे ती मारिफत फारसीतून मराठी दप्तरात आली ती ‘मार्फत’ होऊन. ‘अमुक यांच्या मार्फत’, म्हणजे त्यांच्या ओळखीने. भाषाशुद्धीवाल्यांनी तिथे ‘द्वारा’ बसवला आहे. ‘द्वारा’ला दार आहे, ओळख नाही.